‘हलव बाटली’वाला मोहसीन

अकोल्याच्या जुन्या शहरात मोहसीनचं घर शोधताना त्याचं नाव सांगून काही उपयोग होत नसे. “भोंगेवाल्याचं घर कोणतं?” असं विचारलं की गल्लीतली पोरं थेट दारात नेऊन सोडायची. त्याचे वडील गयासुद्दीन टांग्यात बसून सिनेमाचा पुकारा करायचे. पुढे टांगे गेले, ऑटो आले. वडिलांचा घसा बसला तो बसलाच, आणि माइक मोहसीनच्या हातात आला.

तो कशाचाही पुकारा करी. सर्कस, साड्यांचा सेल, उरूस, पुढाऱ्याची सभा, बियाणं, खत, औषध. आमच्या वऱ्हाडात पिकावर मारायच्या विषाला औषधच म्हणतात. मोहसीनचा आवाज गोड नव्हता, पण माल बघून तो बदलायचा. साडीसाठी मऊ व्हायचा, सर्कससाठी गरजायचा. पोर हरवल्याचा पुकारा असला की तो सगळी लकब सोडून साधा बोलायचा. मग बाया हातातलं काम टाकून ओट्यावर येत. जून ते ऑक्टोबर त्याचा ऑटो पातूर, बाळापूर, बार्शीटाकळीच्या खेड्यांमधून फिरे आणि गावंच्या गावं त्याला आवाजावरून ओळखत.

त्यातल्याच एका गावचा देवमन. पातूरपासून जवळ, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. तो अमरावतीला इंजिनीअरिंगला होता आणि तिथे एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. बँड म्हणजे लग्नातला नव्हे. रॉक बँड. नाव होतं ‘भरदुपार’. वर्गमित्र नागसेन गाणी लिहायचा, गायचा, गिटार वाजवायचा. ड्रमवर नागसेनची धाकटी बहीण संध्या. फ्रेजरपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर सराव चाले. शेजारचे लोक विचारत, “ऑर्केस्ट्रा कायचा हाये बाप्पा हा?” संध्या दर वेळी सांगे, “काका, ऑर्केस्ट्रा नाही.” पण मग काय आहे, ते तिलाही नीट सांगता येत नसे.

दोन वर्षं खपून त्यांनी एक अल्बम बांधला. ‘सावली नाही’ हे त्याचं नाव. डिग्री घेऊन बसलेल्या पोरांचं एक गाणं, आटलेल्या विहिरीचं एक, बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या बाईचं एक. अशी नऊ गाणी झाली. दहावं देवमनच्या बोलण्यातून निघालं. तो म्हणाला, “आमच्या गावात दिवसातून चार ऑटो येते औषधाचे. माणूस बुढा असो का पोट्टा, सगळ्याइले त्यायचं बोलनं पाठ हाये. त्याच्यावर लिव ना काही.”

ते साल दोन हजार पाच. कापसाचं काय चाललं होतं आणि त्या बाटल्यांनी किती घरं बसली होती, हे वऱ्हाडात कुणाला सांगायची गरज नव्हती. नागसेननं एका बैठकीत गाणं लिहून काढलं. औषध विकणाऱ्या भोंग्याची नक्कल होती ती:

हलव बाटली, हलव रे राजा,
एका झाकणात अळीचा बाजा!
तोंडाले फडकं कायले राजा?
गुलाबाचा वास हाये ताजा ताजा!

आणि सगळं वाजणं थांबल्यावर, फक्त एका गिटारवर, नागसेनच्या आवाजात शेवटचं कडवं:

अळी तशीच हाये, पान खात हाये,
हलवणारा राजा कुठी जात हाये?

पण भोंगेवाल्याचे शब्द नागसेनच्या तोंडी बसेनात. तो ते म्हणायला लागला की वक्तृत्व स्पर्धेतला वाटायचा. शेवटी देवमन म्हणाला, “खराच आनतो ना बे एक.” आणि अकोल्याला जाऊन तो मोहसीनला एसटीनं घेऊन आला.

गाडगेनगरमधला वामनरावांचा स्टुडिओ म्हणजे घरामागची एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गोधड्या ठोकलेल्या. तिथे एरवी भजनं, भीमगीतं आणि निवडणुकीच्या कॅसेटी निघत. मे महिना होता. रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद करावा लागे, आणि दोन गाण्यांमध्ये सगळे बाहेर येऊन डोक्यावर पाणी घेत. मोहसीन कागद हातात घेऊन उभा राहिला. त्याने तो दोनदा वाचला.

“औषध कोनतं हाये?” त्याने विचारलं.

“कोणतंच नाही,” नागसेन म्हणाला. “टोमणा आहे हा.”

“टोमना म्हंजे कसं बोलू?”

नागसेन म्हणाला, “नेहमी बोलतोस तसंच. खरंखुरं वीक. तू जितकं खरं बोलशील तितकं ऐकणाऱ्याला लागेल.”

मोहसीननं खरंखुरं विकलं. पहिल्याच वेळी. ‘बाजा’वर त्याने आवाज असा उडवला की संध्याच्या हातातली काडी हसताना निसटली, आणि तो आवाज तसाच रेकॉर्ड झाला. काचेपलीकडून वामनराव म्हणाले, “पोट्टेहो, बाकीचं मले समजलं नाई. पन हे चालते.”

नागसेनला ते बोलणं लागलं. त्याने ते गाणं अल्बमच्या अगदी शेवटी टाकलं.

डिसेंबरात अल्बम निघाला. अमरावतीच्या एका सभागृहात कार्यक्रम झाला. पुढच्या रांगांमध्ये नातेवाईक, मागे कॉलेजची पोरं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. कॅसेटी आणि सीडी राजकमल चौकातल्या दुकानांत ठेवल्या. त्या महिनाभर ठेवल्या तशाच होत्या.

फेब्रुवारीत लग्नं सुरू झाली आणि कुठल्या तरी डीजेनं शेवटचं गाणं वरातीत लावलं. तो कोण, हे पुढे कधीच कळलं नाही. वरातीतल्या पोरांना गाण्यात औषध दिसलं नाही. त्यांना बाटली दिसली. अंगठा तोंडाला लावून, मान मागे टाकून ती नाचायला लागली. पंधरा दिवसांत अमरावती, अकोला, वाशीम, जिकडे जावं तिकडे तेच वाजत होतं. पानठेल्यावर, काळीपिवळी जीपमध्ये, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये. शेवटचं कडवं संथ होतं, त्यावर नाचता येत नव्हतं. म्हणून डीजेवाल्यांनी ते कापलं. पुढे ज्या सीडी विकल्या गेल्या, त्याही कापलेल्याच होत्या.

मोहसीनला आधी खरंच वाटेना. टिळक रोडवर बँडवाल्यांनी ते वाजवलं तेव्हा तो ऑटो थांबवून नुसता ऐकत उभा राहिला. घरी येऊन नगमाला, म्हणजे बायकोला म्हणाला, “पूरा बाजार मेरेकु गा रहा है.” नगमा हसली. आई हमिदा हसली नाही. “मोहल्ले के हाजीसाब पूछ रहे थे,” ती म्हणाली, “तेरा लडका दारू का गाना गाता है क्या? क्या जवाब दूँ मैं?”

“दारू का नहीं है अम्मी. दवा का है.”

“तो लोगां पीके कायकू नाचते उसपे?”

पण मोहसीन खूश होता, ते लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यभर त्याने दुसऱ्याचा माल पुकारला होता. आता त्याचा आवाजच माल झाला होता. खेड्यात ऑटो शिरला की पोरं मागे धावायची, “बाटलीवाला आला! बाटलीवाला आला!” देवमनच्या गावात तर त्याचा पाहुणचारच झाला. देवमनचा मोठा भाऊ खुशाल त्याला हाताला धरून घरी घेऊन गेला. खुशालची शेती थोडी, कोरडवाहू. स्वतःचं काम आटोपून तो दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणी करी. थट्टेखोर गडी होता, देवमनच्या अगदी उलट. त्याची बायको कौशल्या मोहसीनला चहा देत होती, तेव्हा खुशालनं पंप पाठीवर असल्यासारखे हात हलवत अख्खं गाणं म्हणून दाखवलं. शेवटच्या कडव्यासकट.

“हे तुले कसं येते?” मोहसीननं विचारलं.

“देवमननं पयली कॅसेट मलेच देल्ली ना! मले तं तेच आवडते, शेवटचं. हे बाकीचं तुहं सारं खोटं हाये गड्या.” आणि तो जोरात हसला.

इकडे बँडला मोहसीनसकट आमंत्रणं येत होती आणि बँड तुटत होता. जिथे जातील तिथे लोक नऊ गाणी होईपर्यंत बसायला तयार नसत. अकोल्यात एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नागसेन विहिरीचं गाणं म्हणत होता आणि खालून एकसारखं सुरू होतं, “बाटली! बाटली!” त्याने गिटार गळ्यातून काढली, मोहसीनला पुढे ढकललं आणि स्वतः मागे जाऊन बसला. मोहसीननं ते तीनदा म्हटलं. परतताना गाडीत नागसेन म्हणाला, “आपण दुखण्यावर बोट ठेवायला निघालो होतो. त्यांनी तेच बोट तोंडात घालून नाचायला घेतलं.” मोहसीनला हे बोलणं आपल्यालाच आहे असं वाटलं, आणि तसं विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

जुलैत अकोल्यातल्या एका कृषी केंद्राच्या मालकानं मोहसीनला बोलावलं. मोहसीन त्यांचा पुकारा बरीच वर्षं करत होता. मालकाच्या टेबलावर नव्या औषधाची हिरवी बाटली होती.

“तुहंच गानं,” मालक म्हणाला. “फक्त मंधात याचं नाव टाक. लोक आपोआप म्हनतीन.”

“शेट, ते गानं टोमना हाये,” मोहसीन म्हणाला.

“कोनाले समजला टोमना? तुले तरी समजला होता का?”

मोहसीननं नागसेनला फोन केला. नागसेन तेव्हा पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. तो म्हणाला, “काय करायचं ते कर. ते गाणं आता आपलं राहिलं नाही.” देवमननं मात्र सांगितलं, “शेवटचं कडवं ठेवायले लाव त्यायले. ते नसन तं करू नको.” मोहसीननं मालकाला तसं सांगूनही पाहिलं. मालक नुसता हसला. मोहसीननं जाहिरात केली. ते त्याचं रोजचं काम होतं. तो नाही म्हणाला असता तर मालकानं दुसऱ्या कुणाकडून त्याच्या आवाजाची नक्कल करून घेतली असती, असं तो नगमाला म्हणाला. नगमा म्हणाली, “मैं कुछ बोली क्या?”

त्या वर्षी पाऊस थांबतच नव्हता. पोळा झाला तरी उघडीप नव्हती, आणि उघडला तेव्हा पराटी, म्हणजे कपाशी, छातीपर्यंत वाढली होती, अळीनं भरली होती. सगळ्या गावांची फवारणी एकदम आली. खाली ओली जमीन, वर ऊन, हवा हलत नव्हती. तसल्या पिकात शिरून पंप मारायचा म्हणजे आपणच उडवलेल्या ढगात चालायचं. खुशाल सलग चौथ्या दिवशी फवारत होता. अंगात बनियन, पाय उघडे. फडकं कौशल्यानं दिलं होतं, ते त्याने डोक्याला बांधलं होतं. शेजारच्या वावरातल्या बाया निंदण करत होत्या. त्यांना तो ऐकू येत होता. तो तेच गाणं म्हणत होता, ‘तोंडाले फडकं कायले राजा’वर मुद्दाम जोर देऊन, बायांनी हसावं म्हणून. बाया हसतही होत्या. मग गाणं थांबलं. त्यांना वाटलं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाणी प्यायला बसला असेल.

कौशल्या भाकर घेऊन गेली तेव्हा तो काकरीत, पिकाच्या दोन ओळींमध्ये, पालथा पडलेला होता. पंप पाठीवरच. तोंडाला फेस आला होता आणि हातापायांचे स्नायू आपोआप उडत होते. तिला पाहून तो म्हणाला, “अंधार काहून पडला वं?” दुपार होती.

जीपनं पातूर, तिथून अकोला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

पुढचं जे झालं त्याने कौशल्या जास्त खचली. त्या वर्षांत औषधानं मेलेला माणूस म्हणजे औषध पिऊन मेलेला, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक माणूस आला आणि तिला विचारू लागला, कर्ज कोणाकोणाचं होतं. गावात आणखी दोघे आले, त्यांनी फोटो काढला. तिने प्रत्येकाला तेच सांगितलं. “त्यायनं पेलं नाही. त्यायनं फवारलं.” ऐकणारा मान हलवायचा, सहानुभूतीनं. घराण्याची लाज झाकते आहे बिचारी, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. खुशालवर कुणाचं कर्ज नव्हतं. मरायचं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. भाकरीबरोबर काय आणू, असं तिने सकाळी विचारलं होतं आणि त्याने मिरचीचा ठेचा मागितला होता. दोन दिवसांनी पेपरात तो आत्महत्यांच्या आकड्यात मिळवला गेला.

मोहसीनला बातमी रस्त्यात कळली, बाळापूरजवळ. पुकारा चालू होता. त्याने भोंगा बंद केला आणि ऑटो तसाच देवमनच्या गावाकडे वळवला. घरापुढे माणसं बसली होती. ऑटोच्या टपावर भोंगे आणि बाजूला हिरव्या बाटलीचं पोस्टर, तसाच तो दारात गेला. हे त्याच्या ध्यानात आलं नाही, पण देवमनच्या आलं. देवमन उठून त्याच्यासमोर उभा राहिला.

“जाय,” तो म्हणाला.

“देवमन, मले आत्ताच...”

“तुले मारीन म्हनून नाही म्हनत. मायले दिसन ते पोस्टर. जाय.”

मोहसीन परत फिरला. घरी येऊन त्याने पोस्टर फाडलं, आणि दोन दिवस ऑटो बाहेर काढला नाही. हमिदा मीठमिरची ओवाळून टाकायला लागली, तेव्हा त्याने तिचा हात धरला. “अम्मी, वो गाते-गाते गिरा,” तो म्हणाला. “मेराच गाना गा रहा था.”

“तूने लिखा नहीं.”

“मैंने बेचा.”

तिसऱ्या दिवशी त्याने कृषी केंद्राची बॅटरी, कॅसेट सगळं मालकाला परत दिलं. मग स्वतःचा जुना माइक ऑटोला जोडला आणि तो खेड्यात निघाला. काय बोलायचं ते त्याने दवाखान्यातल्या एका कंपाउंडरकडून समजून घेतलं होतं. नाकातोंडाला फडकं बांधा. वाऱ्याच्या उलट फवारू नका. उपाशी पोटी जाऊ नका. अंगावर सांडलं तर लगेच साबणानं धुवा. डोळ्यापुढे अंधारी आली की पंप टाका आणि बाहेर या.

पहिल्या गावात पारावर माणसं होती. मोहसीननं बोलायला सुरुवात केली, “भाऊहो, नाकातोंडाले फडकं बांधा...”

“कायले राजा!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा पार हसला.

मोहसीननं पुन्हा सुरुवात केली. पोर हरवल्याचा पुकारा करायचा तो साधा आवाज त्याने लावला. लोक अजून हसू लागले. त्यांना वाटलं हा नवा प्रकार आहे, आता पुढे मजा येणार. दोन पोरं पुढे येऊन अंगठा तोंडाला लावून नाचायला लागली. “पातूरजवळ मानूस मेला औषध फवारून,” मोहसीन म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. “माह्या वळखीचा होता.” एक म्हातारा हसत शेजारच्याला म्हणाला, “पाह्य कसा रडते! काय नक्कल करते बे हा!”

दुसऱ्या गावी तेच. तिसऱ्या गावी त्याने माइक बंद करून जवळच्या माणसाला हात जोडून सांगितलं. तो माणूस म्हणाला, “हो हो, समजलं. पन येकडाव म्हन ना ते. पोट्टे वाट पाहून राहिले.”

संध्याकाळी तो ऑटोच्या मागच्या सीटवर बसून राहिला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज ऐकून लोक धावले होते, थांबले होते, कधी चिडलेही होते. तो खोटं बोलतो असं कुणी म्हटलं नव्हतं. आताही कुणी तसं म्हणत नव्हतं. ते फक्त गाण्याची वाट बघत होते.

हे सगळं देवमनच्या गावापर्यंत पोचलं. दहाव्यानंतर देवमन स्वतः अकोल्याला आला. बाहेरच उभा राहून म्हणाला, “वहिनी म्हनते, तिले घेऊन चाल.”

“कुठी?”

“तू गेला होता तिकडंच. मी बोलीन म्हनते ती.”

पातूरच्या बाजारात कौशल्या ऑटोत बसली. डोक्यावरचा पदर दातात धरून तिने माइक हातात घेतला, आणि तो किती जवळ धरायचा हे मोहसीननं खुणेनं दाखवलं. ती म्हणाली:

“मी खुशालची बायको. माह्या नवऱ्यानं औषध पेलं असं पेपरात हाये. त्यायनं नाही पेलं. ते फवारून राहिले होते. तोंडाले फडकं नव्हतं. म्या देल्लं होतं, त्यायनं डोस्क्याले बांधलं. तीन दिवस ते मले वळखत नव्हते. तुमच्या घरच्या मानसाले सांगा.”

एवढंच. मग तिला पुढचं सुचेना, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून तेच सांगितलं. बाजार थांबला. भाजीवाल्या बायांनी तराजू खाली ठेवले. एका पोरानं मागून ‘हलव’ म्हटलं आणि त्याच्या बापानं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

त्या हंगामात ते तिघे बऱ्याच गावांना गेले. कौशल्या बोले, देवमन ऑटो चालवी, मोहसीन भोंगा सांभाळी. किती लोकांनी फडकं बांधलं ते कुणाला माहीत. काही गावांमध्ये बाया तिला घरात बोलावून पाणी देत. एका गावात दुकानदाराच्या माणसांनी ऑटो अडवला, धंदा बुडवायला निघाले म्हणून शिव्या दिल्या, आणि भोंग्यांच्या वायरी तोडल्या. ऑटो मोहसीनचा नव्हता, भाड्याचा होता. दुसऱ्या दिवशी ऑटोच्या मालकानं चावी काढून घेतली. कौशल्या घरी गेली. कापूस वेचणीला आला होता.

‘भरदुपार’ त्यानंतर एकदाही एकत्र वाजली नाही. नागसेन पुण्यात नोकरीला लागला. खुशालची गोष्ट कळल्यावर तो एक दिवस गावात येऊन गेला, ओसरीवर बसला आणि संध्याकाळच्या एसटीनं परतला. संध्यानं ड्रम विकले नाहीत, पण गच्चीवरून खाली माळ्यावर टाकले. देवमनचे शेवटच्या वर्षाचे विषय राहिले होते, ते त्याने सोडून दिले. घरात करता माणूस कुणी राहिला नव्हता.

मोहसीननं अकोला सोडलं. तिथे त्याने तोंड उघडलं की भाजीवालाही हसायचा. अमरावतीला वलगाव रोडवर एका मंडपवाल्याकडे तो खुर्च्या लावायच्या, वायरी ओढायच्या कामाला राहिला. नगमा आणि अम्मी मागाहून आल्या. लग्नांमध्ये डीजेवर ते गाणं लागे तेव्हा तो मंडपाच्या मागे, आचाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राही. कधी एखादा निरखून बघत विचारी, “तू तोच ना बे, बाटलीवाला?”

“नाही,” मोहसीन हळूच म्हणे. “तो माहा भाऊ होता. मेला तो.”

वर्षश्राद्धाला त्याला बोलावणं आलं. देवमनचा फोन होता. “वहिनी म्हनते, ये.” मोहसीन एसटीनं गेला. पंगतीत कौशल्यानं त्याला सगळ्यांसारखंच वाढलं. जरा जास्त आग्रह नाही, जरा कमी नाही. खुशालची म्हातारी आई त्याच्याजवळ येऊन बसली आणि तू कोण, कुठला, असं विचारू लागली. त्याने सांगितलं, “अकोल्याचा. खुशालभाऊच्या वळखीचा.” म्हातारीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी तो निघणार होता. सकाळी देवमन पंप खांद्यावर घेऊन बाहेर आला. तोच पंप.

“तू मारतं?” मोहसीननं विचारलं.

“मंग कोन मारन? अळी पडली.”

मोहसीननं पिशवी खाली ठेवली. दोघं वावरात गेले. देवमननं पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, पायात जुने बूट घातले. नाकावर फडकं धरलं, पण मागे गाठ बसेना. मोहसीननं ती बांधली, घट्ट. मग विहिरीवरून पाणी आणून टाकीत ओतलं. देवमन म्हणाला, “तू धुऱ्यावर बस, लांब. वाऱ्याकडं ध्यान ठेव. मले अंदरून समजत नाही.”

मोहसीन धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसला. देवमन पराटीत शिरला, हळूहळू डोकं तेवढं दिसायला लागलं, आणि त्याच्या पुढे पांढरा धूर सरकत राहिला. मोहसीन बाभळीच्या शेंड्याकडे बघत होता. बराच वेळ पानं एकाच बाजूला हलत होती. मग थांबली. मग उलटी झाली.

तो उठून उभा राहिला.

“देवमन! वारा फिरला! बायेर ये!”

वर्षभरात तो एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता. पलीकडच्या वावरातल्या बाया माना वर करून बघायला लागल्या. त्यातल्या एकीनं आवाज ओळखला असावा, कारण ती शेजारणीला काहीतरी सांगत होती. कुणी हसलं नाही. देवमन पंप सावरत काकरीतून बाहेर आला, फडकं खाली ओढून धापा टाकत बसला. डोळे लाल झाले होते. मोहसीननं त्याच्या हातांवर पाणी ओतलं आणि साबण दिला.

दोघं बाभळीखाली वारा परत फिरायची वाट बघत बसून राहिले. तो दुपारनंतर फिरला. सांज होईपर्यंत अर्धं वावर झालं. उरलेल्यासाठी मोहसीन आणखी एक दिवस थांबला.